जुन्या वस्तीतले ऐतिहासिक फलक: दगड, पितळ की आणखी काही? आणि लिहायचं तरी किती?

आडगल्ली (धागाकर्ता)
जुन्या वस्तीतल्या बारा-पंधरा घरांवर ऐतिहासिक फलक लावायचं घाटतंय. बहुतेक घरं विटा-चुन्यातली, जोती दगडी. दोन घरं केव्हाच पडली आणि तिथे नव्या इमारती उभ्या आहेत. मालकांची संमती आहे. समितीत मात्र दोन तट पडलेत: एकाला काळा ग्रॅनाइट आणि सोनेरी अक्षरं हवीत, दुसऱ्याला चकचकीत पितळ. मजकूर तर जो तो दोनशे शब्दांचा लिहून आणतोय. पावसाचा मारा सगळ्याच भिंतींवर आहे. फलक कशाचा, केवढा, भिंतीत बसवायचा कसा आणि मजकूर किती, हे जाणकारांनी सांगावं. वर्गणीची चर्चा इथे नको, ती दुसरीकडे पेटलेली आहेच.

ओतीव
चकचकीत पितळ ही महिन्याभराची हौस असते. उघड्यावर पितळ काळवंडतं. मग कोणीतरी दर पंधरा दिवसांनी पॉलिश मारतं. त्या पॉलिशमधली बारीक पूड अक्षरांच्या कडा खाते आणि कडेने ओघळलेलं पॉलिश भिंतीवर पांढरट चौकट उमटवतं. काही वर्षांनी फलक लख्ख, अक्षरं सपाट. लॅकर (पारदर्शक रोगण) मारला तर तोही उन्हात काही वर्षांतच तडकतो, तडकेतून पाणी आत जातं आणि खाली काळे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग पडतात. ते काढायला आधी सगळा लॅकर उतरवावा लागतो.

धातूच हवा असेल तर ओतीव ब्राँझ घ्या आणि त्याला तपकिरी होऊ द्या. अक्षरं कोरलेली नकोत, पृष्ठभागातून २-३ मिमी वर आलेली हवीत. पार्श्वभूमी खरबरीत आणि गडद, अक्षरांचा माथा घासून उजळ. वर्षातून एकदा साबणपाण्याने धुऊन, पूर्ण वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यायचा, बास. एक तोटा आधीच सांगतो: ब्राँझवरून वाहिलेलं पाणी चुन्याच्या गिलाव्यावर हिरवे ओघळ सोडतं. म्हणून खालची कड आतल्या बाजूला तिरपी कापून घ्या, थेंब भिंतीपासून लांब पडतो.

छिन्नीवाला
काळ्या ग्रॅनाइटबद्दल दोन शब्द. दगड उत्तम, पॉलिश वाईट. आरशासारख्या काळ्या फलकात समोरची इमारत, वायरी आणि वाचणाऱ्याचं तोंड दिसतं, मजकूर सोडून सगळं. होन्ड म्हणजे मंद फिनिश मागा. सोनेरी रंग गुळगुळीत खाचेत धरत नाही, पापुद्रे निघतात आणि अर्धवट सोनेरी अक्षरं वाचायला कोऱ्यापेक्षा कठीण.

खाच 'व्ही' आकाराची, तळाशी टोकदार असावी. उथळ लेझर एचिंग नको. व्ही खाचेची एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत राहते, त्यामुळे रंग न भरताही अक्षर दिसतं. रंग भरायचाच असेल तर फिकट राखाडी इनॅमल भरा. अर्धवट सुकल्यावर लाकडी ठोकळ्याला कापड गुंडाळून, किंचित टर्पेंटाइन लावून वरवर पुसा. कापड मऊ आणि हातात चुरगाळलेलं असेल तर ते खाचेत शिरून रंग ओढून काढतं.

संगमरवर सुचवणारे येतीलच, म्हणून आधीच: उघड्यावर संगमरवर नको. शहरी हवेतल्या गंधकाच्या आम्लाने त्याच्या पृष्ठभागाचं जिप्सम होतं, ते पावसात धुपतं आणि अक्षरं साखरेसारखी विरघळतात. छपराखाली, दारातल्या कमानीत ठीक.

टवाळ
समितीने एक काम करावं. फलकावर 'इथे इतिहास घडला, तपशील आत विचारा' एवढंच कोरावं. सहा शब्दांत विषय संपला.

कोपऱ्यावरचा
टवाळ, खिक्. आणि खाली बारीक अक्षरांत 'आत कोणी नसते'.

चुनाविटा
सगळे फलकाचं बोलताहेत, भिंतीचं कोणी बोलत नाही. जुनी भिंत एकदा फुटली की परत मिळत नाही, फलक दहा करता येतात. तेव्हा क्रमाने:

आधी लाकडी मुठीने भिंत टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे, तिथे काहीही टांगू नका. जमिनीपासून साधारण मीटरभर ओल चढते आणि लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, तो पट्टा टाळा.

भोक विटेत किंवा दगडात पाडायचं नाही, दरजेत, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यात पाडायचं. दरज पुन्हा चुन्याने भरता येते, फुटलेली वीट भरता येत नाही. त्यामुळे फलकाची भोकं कारखान्यात ठरवायची नाहीत. आधी भिंतीवर पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना धरा, दरजा कुठे येतात ते त्यावर खुणा करून घ्या आणि तो पुठ्ठा कारखान्यात द्या. पंधरा फलकांना पंधरा पुठ्ठे लागतील. सगळ्यांना एकच माप लावायचा मोह होईल, तो आवरा.

ड्रिलचा हॅमर बंद. १० मिमीचं भोक, ७० मिमी खोल, बाहेरच्या तोंडाकडे किंचित उतरतं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. धूळ फुंकून आणि ब्रशने पूर्ण काढा, कारण धुळीवर रेझिन (रॉड पक्का करणारा चिकट पदार्थ) चिकटत नाही आणि आठवड्याभरात रॉड हातात येतो. त्यात ८ मिमीचा ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचा आटेवाला रॉड रेझिनने बसवा. पसरणारे अँकर फास्टनर जुन्या विटेला वापरूच नका, ते आवळताना वीट आतून फाडतात.

फलक आणि भिंत यांच्यात ८-१० मिमी मोकळं अंतर, नायलॉनच्या किंवा स्टेनलेसच्या नळ्या घालून. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकत असते. फलक चिकटवून कडेने सिलिकॉन भरलं की ओल मागे अडकते आणि गिलावा फलकाच्या आकाराचाच खाली येतो.

गंजका खिळा
चुनाविटांना अनुमोदन. लोखंडी स्क्रू का नको तेही लिहून ठेवतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. भोकात तो फुगायला जागा नसते, म्हणून दगडाचा कोपरा उडतो. गॅल्व्हनाइझचा थर स्क्रूच्या आट्यांवर आवळतानाच खरवडला जातो.

दोन धातूंची गाठ घालतानाही जपून. ॲल्युमिनियमच्या फलकाला पितळी स्क्रू लावला की पावसाच्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. नायलॉनची वॉशर आणि स्क्रूच्या दांड्याभोवती नायलॉनची बाही, दोन्ही हवीत. नुसत्या वॉशरने भागत नाही, दांडा भोकाच्या कडेला टेकतोच. शिवाय ओला चुना अल्कधर्मी, तोही ॲल्युमिनियम खातो. त्यामुळे ते मधलं अंतर इथे दुप्पट महत्त्वाचं.

आडगल्ली
भराभर लिहून घेतोय. वजनाचा अंदाज कोणी देईल का? समितीत 'दगड पडेल' ही भीती आहे.

ओतीव
४५० × ३०० मिमी धरू. २० मिमी जाडीचा ग्रॅनाइट साधारण सव्वासात किलो. ५ मिमी जाडीचं पितळ पावणेसहा किलो, ॲल्युमिनियम पावणेदोन. ८ मिमीचे चार रॉड हे सगळं लीलया पेलतात. पडतो तो वजनाने नाही, चुकीच्या बसवण्याने. धातूला खरी भीती भंगारवाल्याची. ब्राँझ हाताच्या उंचीवर असेल तर समोरून स्क्रू दिसू देऊ नका. मागच्या बाजूला आटे पाडून रॉड आतूनच घट्ट करायचे.

नकाशेवाला
फलक कशाचा यावर एवढी खल आणि फलक कुठल्या घरावर याची खात्री केली का? सगळ्यात महागडी चूक हीच असते, आणि ती कोरून ठेवलेली असते.

घरांचे क्रमांक बदलतात. जुन्या पत्रावर 'घर क्र. १२' असलं म्हणजे आजचं १२ तेच असं नाही. रस्ता रुंद झाला, दोन घरांचं एक झालं, मोजणी दुसऱ्या टोकापासून सुरू झाली की क्रमांक सरकतात. पद्धत सोपी पण कंटाळवाणी: त्या काळातला मोजणीचा नकाशा आणि आजचा नकाशा एकाच प्रमाणात आणा, न हललेल्या किमान तीन खुणा (देऊळ, मशीद, विहीर, चौकाचा कोपरा) जुळवा आणि मग घर शोधा. खुणा एका रेषेत नकोत, नाहीतर नकाशा तिरका बसला तरी कळत नाही. नंतर मालकीच्या नोंदींची साखळी आजपासून मागे न्या. मधे एक दुवा तुटला तर फलकावर 'या घरात' लिहू नका, 'या आळीत' लिहा.

पडलेल्या दोन घरांसाठी 'या जागी असलेल्या घरात' अशी शब्दरचना ठेवा. नव्या इमारतीवर 'येथे राहत होते' वाचून लोक लिफ्ट शोधतात.

पायरीवरचा
एकदा फलक लागला की ते घर पाडता येत नाही ना? मग तर सगळ्याच घरांना लावा!

नकाशेवाला
नाही हो. फलक आणि कायदेशीर संरक्षण या वेगळ्या गोष्टी. लंडनचे निळे फलक सगळ्यात प्रसिद्ध, त्यांनीही इमारतीला कायद्याचं कवच मिळत नाही. तिथला पहिलाच फलक १८६७ साली कवी बायरनच्या जन्मघरावर लागला, आणि ते घर १८८९ मध्ये पाडलं गेलं. त्याच वर्षी लागलेला तिसऱ्या नेपोलियनचा फलक मात्र टिकला, तो आज त्या योजनेतला सगळ्यात जुना. गंमत म्हणजे तो लागला तेव्हा नेपोलियन जिवंत होता. आता नियम असा की व्यक्ती जाऊन २० वर्षं झाली पाहिजेत. हा नियम तुमच्या समितीने डोळे मिटून घ्यावा. अर्ध्या शिफारशी जागच्या जागी गळतील.

टवाळ
उरलेल्या अर्ध्या समितीतल्याच सदस्यांच्या असतील, त्या वीस वर्षं थांबतील.

ओतीव
लंडनच्या फलकांचं आणखी एक. ते सिरॅमिकचे, ४९५ मिमी व्यासाचे, ५० मिमी जाड, भिंतीत खाच करून बसवलेले आणि किंचित फुगीर, म्हणजे पावसाने आपोआप धुतले जातात. सुरुवातीचे बरेच तर चॉकलेटी होते, कारण तो रंग निळ्यापेक्षा स्वस्तात होई. आजचं साधं रूप १९३८ चं.

चुनाविटा
खाच करून बसवणं तुमच्या चुन्याच्या भिंतीत अजिबात नको. तिथे जाड विटांची भिंत मुद्दाम कापतात आणि कापणारे त्यातले असतात.

अनुस्वार
>> गोल फलक
देवनागरीला गोल फलक मानवत नाही. कडेने वळवून मजकूर लिहिला की शिरोरेषा अक्षरागणिक तुटते आणि पंख्याच्या पात्यांसारखी उघडते. गोल हवाच असेल तर आतला मजकूर आडव्या ओळींत ठेवा, कड रिकामी सोडा.

आता खरा घोळ. कोरणाऱ्याच्या मशीनवरचं सॉफ्टवेअर बहुधा युनिकोड देवनागरी नीट जुळवत नाही. मजकूर टाइप करून पाठवला की वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाते, रफार एक अक्षर सरकतो, 'ऱ्हा' चा 'र्हा' होतो, 'क्त' फुटून क आणि त शेजारी बसतात. म्हणून मजकूर कधीच पाठवू नका, आउटलाइनमध्ये बदललेली (अक्षरांच्या नुसत्या आकृत्या केलेली) पीडीएफ पाठवा. फाँट मराठी वळणाचा आहे ना, ते 'ल' आणि 'श' बघून ठरवा. बरेच फाँट मुकाट्याने हिंदी वळण देतात.

मग त्या फाइलचा पूर्ण मापाचा कागदी छाप काढा आणि दोघांनी तपासा: एकाने मूळ हस्तलिखित वाचायचं, दुसऱ्याने छापावर बोट ठेवायचं. शेवटच्या शब्दापासून उलटं वाचलं तर आणखी बरं, अर्थ लागत नाही म्हणून डोळा अक्षरच बघतो. आकडे वेगळे तपासा. १ आणि ९, ४ आणि ५ यांनी बऱ्याच पुण्यतिथ्या हलवल्या आहेत.

अनुस्वाराचा टिंब ३ मिमीपेक्षा लहान नको. त्याहून लहान टिंब पहिल्याच रंगकामात बुजतो.

छिन्नीवाला
अनुस्वार, तुमच्या नावाला जागलात! दगडात एक भर: शिरोरेषा ही लांब आडवी खाच, त्यात पाणी आणि धूळ साचून शेवाळ धरतं. म्हणून तिची खालची बाजू जास्त तिरपी ठेवायची, पाणी ओघळून जातं. मशीनवाला हे आपण होऊन करत नाही, सांगावं लागतं.

शकसंवत
तारखांकडे कोणाचं लक्ष दिसत नाही. जुन्या दस्तावरून शके घेऊन सरसकट ७८ मिळवले की चूक झालीच. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. महिना माहीत नसेल तर 'इ.स. १७६८-६९' असं जोडवर्ष लिहा, उगीच एक निवडू नका.

पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन ही कालगणना अरबी शब्दांत येते. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ३ + ७० + १०० + १०००, ११७३. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, त्यानंतर ६००. म्हणजे १७७२-७३.

तिसरी गोम इंग्रजी तारखेची. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती जुन्या ज्युलियन पंचांगाची, आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १६ जून. ब्रिटिशांनी सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदललं, २ तारखेनंतर थेट १४. तेव्हा त्याआधीच्या तारखांना कोणती पद्धत वापरली ते ठरवा आणि पंधराही फलकांवर तीच ठेवा. तिथी-शके आधी आणि इंग्रजी तारीख नंतर लिहिली की पुढे वाद झाला तरी मूळ नोंद शाबूत राहते.

पायरीवरचा
वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे एका जोत्यावर जुना कोरीव लेख आहे, खडू चोळून वाचला तर चालेल का?

छिन्नीवाला
नको! खडू, कोळसा, तेल काही नको. रात्री बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने उजेड टाका. वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून चार फोटो, कॅमेरा तिवईवर न हलवता. उभी रेघ एका फोटोत दिसते, आडवी दुसऱ्यात. दगडाचे पापुद्रे सुटत असतील तर कागदी ठसाही घेऊ नका, कागदाबरोबर अक्षर येतं.

कोपऱ्यावरचा
आजच्या काळात क्यूआर कोड टाका की. दोनशे शब्दवाले खूष, फलकही लहान.

गंजका खिळा
क्यूआरला विरोध नाही, पण तो धातूत कोरू नका. चमकत्या धातूवर कॅमेऱ्याला काळं-पांढरं वेगळं दिसत नाही. मोबाइल जितका लांब धरणार त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा कोड: अर्ध्या मीटरला ५ सेमी. भोवती कोडातल्या चार बारक्या चौकटींएवढी कोरी जागा सोडाच. दुवा छोटा, म्हणजे चौकटी कमी आणि मोठ्या. एरर करेक्शन (खराब भाग भरून काढायची सोय) 'एच' पातळीचं ठेवलं तर ३० टक्क्यांपर्यंत खराब झालेला कोडही वाचला जातो. आणि दुवा दुसऱ्या कोणाच्या फुकट सेवेचा नको, स्वतःच्या डोमेनचा हवा, जिथून पुढे कुठेही वळवता येईल. दगड शंभर वर्षं राहील, फुकट सेवा पुढच्या दिवाळीपर्यंत.

कोड स्वतंत्र लहान इनॅमल पट्टीवर, बदलता येईल असा. मूळ फलकात तो नकोच.

ओतीव
इनॅमल निघालंच आहे तर: पोलादी पत्र्यावर काचेचा थर, साधारण ८०० अंशांना भाजलेला. रंग उन्हात उडत नाही, साबणपाण्याने साफ. या धाग्यात मुख्य फलकासाठी कोणी सुचवलं नाही याचं नवल वाटतं. भोकं भाजण्याआधीच पाडलेली हवीत, नंतर पाडली तर थर तडकतो. स्क्रूच्या दोन्ही बाजूंना फायबरची वॉशर आणि हाताने आवळायचं. इनॅमल फलक मरतो तो नेहमी स्क्रूपाशीच: जास्त आवळलं, कपचा उडाला, गंज शिरला.

अनुस्वार
पण ओतीव, मग चुनाविटांची पुठ्ठ्याची पद्धत कशी जुळणार? प्रत्येक फलकाची भोकं वेगळी, तीही भाजण्याआधी.

चुनाविटा
जुळते. भिंतीला आधी स्टेनलेसची साधी चौकट दरजांप्रमाणे लावा, चौकटीवर फलक एकसारख्या भोकांनी. फलक बदलायचा झाला तर भिंतीला पुन्हा हात लागत नाही. मला विचाराल तर दगडाच्या फलकालाही हेच करा.

कोपऱ्यावरचा
भिंतीला हातच नको असेल तर? जर्मनीत जमिनीत पितळी फरश्या असतात ना?

नकाशेवाला
जर्मन कलाकार गुंटर डेमनिग यांच्या 'श्टॉल्परश्टाइन' (ठेचेचे दगड). १० × १० सेंमीचा पितळी पत्रा काँक्रीटच्या ठोकळ्यावर, नाझी छळाच्या बळींच्या शेवटच्या राहत्या घरासमोर. १९९२ पासून सुरू, २०२३ मध्ये लाखावी बसली. सगळ्यांना पटतात असं नाही. म्युनिक शहर सार्वजनिक जागेत त्या बसवू देत नाही, नावं पायाखाली येऊ नयेत असा तिथला आक्षेप. तिथे भिंतीवरच्या पट्ट्या आणि खांब आहेत. पॅरिसमध्ये डिझायनर फिलिप स्टार्क यांनी आखलेले वल्ह्याच्या आकाराचे उभे फलक फुटपाथवर आहेत, तेही १९९२ चे. पण वस्तीतली गल्ली दीड माणूस रुंद असेल तर उभा खांब हा इतिहास नाही, अडथळा आहे.

आडगल्ली
समितीत आज 'दोनशे शब्द' वाले हटून बसले. त्यांना दाखवायला आकडे द्या.

अनुस्वार
घ्या. वाचणारा दीड-दोन मीटरवर उभा. मात्रा सोडून अक्षराची उंची १२ मिमी. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळी २६ मिमी अंतराने. ४५० मिमी रुंदीत समास जाऊन ३९० उरतात, साधारण आठ शब्दांची ओळ. चाळीस शब्द म्हणजे पाच ओळी, १३० मिमी. वर नाव २५ मिमी अक्षरात, खाली वर्ष, ३०० मिमी उंचीत सुखाने बसतं. दोनशे शब्दांना २५ ओळी, ६५० मिमी, नाव वेगळं. तो फलक नाही, दरवाजा आहे. अक्षर लहान करून बसवला तर चष्मेवाले नाक भिंतीला लावतील.

चाळीसात हे बसवा: कोण, काय केलं, या घराशी संबंध काय, कधीपासून कधीपर्यंत. 'थोर', 'महान', 'अजरामर' काढा, तीन शब्द तिथेच वाचतात. फलकाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर, घराचं जोतं उंच असलं तरी रस्त्यावरून मोजून.

टवाळ
आणि अनावरण कोणाच्या हस्ते ते? त्याला चाळीस शब्द वेगळे लागतात.

चुनाविटा
ते मागच्या बाजूला कोरा. खरंच सांगतोय. मागे कोणी बसवला, साल, दगड कुठला, रॉड कुठला, रेझिन कुठलं. पन्नास वर्षांनी काढणाऱ्याला उपयोग होतो.

आडगल्ली
ग्रॅनाइट मंद फिनिशमध्ये, स्टेनलेस चौकटीवर, यावर दोन्ही तट तयार झाले. पितळवाल्यांना नावाची ओळ तरी पितळी अक्षरांची हवी आहे.

गंजका खिळा
देऊ नका. सुट्या अक्षरांमागे दोन-दोन खुंट्या असतात, तेवढी भोकं दगडात. आणि सुटी अक्षरं लोक एकेक करून नेतात. पहिली वेलांटी जाते.